गव्हाच्या टेबलावर

हॉलच्या खिडक्यांचे पडदे सकाळपासून ओढलेले होते. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या त्या हॉटेलात एरवी लग्नं लागतात. त्या शनिवारी तिथे बिअरची स्पर्धा होती, आणि संयोजकांनी हॉटेलवाल्यांना बजावलं होतं की हॉलमध्ये उदबत्ती लावायची नाही आणि दुपारपर्यंत शेजारच्या स्वयंपाकघरात फोडणी द्यायची नाही. आम्हा परीक्षकांचे फोन दाराबाहेर एका टोपलीत होते. फेरी सुरू झाली की संपेपर्यंत दार बंद. दार उघडलं की बाहेरचा वास आत येतो.

मला खरं तर दुपारी काळ्या बिअरच्या टेबलावर बसायचं होतं. पण सकाळच्या टेबलावरचा एक परीक्षक मुंबईहून येताना कसारा घाटात अडकला. संयोजक घाईघाईने माझ्याकडे आले.

"विशाखाताई, गव्हाच्या टेबलावर बसाल का? तुमच्या ब्रुअरीची तिथे एंट्री नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. मला तसंच माहीत होतं.

मी अश्विनच्या ब्रुअरीत काम करते. गंगापूर रोडवर त्याची छोटी जागा आहे, मागे टाक्या आणि पुढे बसायचे बाक. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली. तिथे लॅब सांभाळायला गेले आणि हळूहळू बिअरही माझ्याच हातात आली. टाक्या तीन आहेत, त्या धुवायला मंगळू आहे. दोन मोठ्या टाक्यांत लागर, म्हणजे नेहमीची हलकी बिअर असते, ती खपते. तिसरी लहान टाकी माझी आहे असं सगळे म्हणतात.

त्या टाकीत मी एक बिअर करते. हर्सूलच्या बाजूला करवंदाच्या जाळीवरून आणलेल्या फळांच्या सालीवर मला एक यीस्ट सापडलं. ते वेगळं काढायला, वाढवायला, ते दर वेळी सारखंच वागतंय याची खात्री करायला बरीच वर्षं गेली. लोकांना वाटतं करवंदाचं यीस्ट म्हणजे करवंदाची चव. तसं होत नाही. त्याने बिअरला लवंगेचा पुसट वास येतो, मागून ओल्या हळदीच्या पानासारखा हिरवट वास येतो, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना जरासा आंबटपणा जाणवतो. निम्मा खपली गहू, निम्मं जवाचं माल्ट. दिसायला स्वच्छ, आरपार.

महिनाभरापूर्वी अश्विन टाकीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, बाबा ऐकत नाहीयेत. म्हणतात, तिसऱ्या टाकीतपण लागर घाल. मी त्यांना म्हटलं, स्पर्धा होऊ दे. मेडल आलं तर टाकी ताईंची. नाही आलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"प्रायोगिक वर्गात टाक," मी सांगितलं होतं. "तिथेच बसेल ती."

"हो, हो," तो म्हणाला होता.

वर्ग हा या स्पर्धेतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे. बिअर चांगली आहे का, हे तिथे कुणी विचारत नाही. ज्या वर्गात ती पाठवली, त्या वर्गाची ती चांगली बिअर आहे का, एवढंच विचारतात. प्रत्येक वर्गाचं वर्णन छापलेलं असतं, रंग कसा, फेस किती, वास कशाचा. भाकरीच्या स्पर्धेत कितीही मऊ पोळी आणली तरी ती हरणार, आणि हरायलाच हवी. मला हा नियम आवडतो. मोजायचं तर आधी कशाशी मोजतोय ते ठरलेलं असावं.

टेबलावर आम्ही तिघं होतो. पुण्याची भाग्यश्री टेबलप्रमुख होती. तिची स्वतःची ब्रुअरी आहे, वयाने माझ्याहून लहान, पण अशा स्पर्धांत मुरलेली. दुसरे कर्नल गायधनी, देवळाली कॅम्पला राहतात, तोफखान्यातून निवृत्त झाल्यावर बिअर चाखण्याच्या परीक्षेला बसून परीक्षक झाले.

"कर्नल, तुम्ही सकाळी काय खाल्लंत?" भाग्यश्रीने त्यांच्याकडे बघून नाक मुरडलं.

"पोहे."

"खोटं. कांदा येतोय, तर्री येतेय."

"आता नाशिकमध्ये सकाळी मिसळ खाल्ली तर तो काय गुन्हा आहे?"

"परीक्षकाने खाल्ली तर आहे. पावाचे दोन तुकडे खा आणि ग्लासभर पाणी प्या. आणि माझ्या दिशेने श्वास सोडू नका."

"यस मॅडम," कर्नल म्हणाले आणि निमूटपणे पाव चावू लागले.

मग तिने सकाळचा नियम पुन्हा वाचला. बिअर नंबरावरच येणार, कुणाची ते कळणार नाही. आपल्याच ब्रुअरीची बिअर समोर आली आहे असं चाखण्याआधी लक्षात आलं तर परीक्षकाने उठावं. चाखल्यावर लक्षात आलं तर ती बिअर बाद. गुण पन्नासपैकी, आणि ते देईपर्यंत बोलायचं नाही. तिघांच्या गुणांत फार अंतर असेल तर चर्चा करून एका आकड्यावर यायचं.

पहिल्या तीन बिअर नेहमीच्या होत्या. गढूळ, जाड फेसाच्या, वासाला पिकलं केळ आणि लवंग. गव्हाची जर्मन पद्धतीची बिअर अशीच असावी लागते. तिसरीत जरा आंबटपणा उतरला होता, जो नको असतो. मी चवीचे दोन गुण कापले आणि कारण लिहिलं.

चौथा ट्रे आला. मी ग्लास उचलला, तो आरपार दिसत होता. या वर्गात गढूळ हवी. मी दिसण्याच्या रकान्यात एक गुण लिहिला. मग हात ग्लासावर ठेवून वास कोंडला, हात काढला आणि नाक आत घातलं.

हळदीचं पान.

मी ग्लास खाली ठेवला. म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या यीस्टलाही असा वास येऊ शकतो. वासाच्या आठवणीवर इतका विश्वास ठेवू नये. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी स्वतः लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या मुलांना शिकवलेलं आहे. म्हणून मी दुसरं निरीक्षण घेतलं. घोट घेतला. बिअर थुंकून चालत नाही, कडवटपणा घशाजवळ कळतो, ती गिळावी लागते. मी गिळली. जिभेच्या कडांना तो आंबटपणा आला.

आणि त्याच क्षणी मला नियम आठवला. चाखल्यावर लक्षात आलं तर बिअर बाद.

वास घेतल्यावर उठले असते तर ती वाचली असती. खात्री करायला मी घोट घेतला होता.

दोन्ही बाजूंना पेन्सिली चालत होत्या. पडद्यांमागून हायवेवरच्या ट्रकांचा आवाज बारीक येत होता. आता उठून सांगितलं तर बिअर बाद. गप्प बसून खरे गुण दिले तर ती पडणार, कारण ती या वर्गाची नव्हतीच. गप्प बसून भरपूर गुण दिले तर जे मी आयुष्यात कधी केलं नाही ते केलं असं होणार. माझ्या समोरच्या ग्लासात माझीच बिअर होती आणि तिच्यापर्यंत जायला एकही सरळ वाट नव्हती.

मी तिथेच बसले. वर्णनाचा कागद जवळ ओढला आणि त्याच्याकडे बघत गुण दिले. केळ नाही. गढूळपणा नाही. आंबटपणा आहे, नको. खाली लिहिलं, "स्वच्छ, नेटकं काम. परंतु या वर्गाची बिअर नव्हे."

"सांगा," भाग्यश्री म्हणाली. "माझे छत्तीस."

"एकोणचाळीस," कर्नल म्हणाले.

"तेवीस."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"ताई, तेवीस?" भाग्यश्री म्हणाली. "मला माहितीये ती वर्गात बसत नाही. मी कापलेतच की. पण हे काय आहे ते तरी बघा. असा वास मी कुठेच घेतलेला नाही."

"सकाळपासूनची ही एकच बिअर आहे जिचा मला दुसरा ग्लास हवाय," कर्नल म्हणाले. "ज्या कुणी केली, त्या पोराच्या हाताला चव आहे."

मला आनंद झाला. तो गालांपर्यंत आला असावा, कारण मी मान खाली घातली. आणि त्या आनंदाचीच मला भीती वाटली. आता मी काही बोलले नाही तर हा आनंद माझ्या जागी बसून गुण देईल.

म्हणून मी बोलले. कागद पुढे सरकवला आणि एकेक ओळ दाखवली. वर्गात केळ आणि लवंग सांगितली आहे, इथे केळ नावालाही नाही. वर्गात गढूळ सांगितली आहे, ही गाळल्यासारखी आहे. आंबटपणा हा इथे दोष आहे, गुण नव्हे. चौथीला वेगळी म्हणून सोडलं तर पहिलीने काय पाप केलं? तिने तर सगळं नियमाप्रमाणे केलं.

"तुम्ही परीक्षक आहात की सरकारी वकील?" कर्नल म्हणाले.

"बरोबर बोलतायत त्या," भाग्यश्री हळूच म्हणाली. "मलाच मोह झाला. कर्नल, तुम्ही?"

कर्नलांनी ग्लास पुन्हा नाकाशी नेला. "मला सायन्स कळत नाही. विशाखाबाई म्हणतात तर असेल. पण वाईट वाटतं."

सत्तावीसवर सही झाली. ट्रे उचलला गेला. कर्नलांनी मात्र आपला ग्लास दिला नाही. पाचवी येईपर्यंत तो त्यांनी संपवला.

जेवणाच्या सुट्टीत दार उघडलं आणि एकदम फोडणीचा वास आला. मी जेवायला गेले नाही. मला तिसरी बिअर आठवत होती. तिच्या आंबटपणाला मी दोन गुण कापले होते. चौथीचा आंबटपणा तिच्याहून कमी होता, आणि मी पाच कापले होते. हे मला तिथे बसून दिसलं नव्हतं.

मी संयोजकांना गाठलं. ते कोपऱ्यात उभ्याउभ्या पुरी खात होते. मी सगळं सांगितलं. ती बिअर आमची होती, मला ती ओळखू आली होती, मी उठले नाही, आणि मग स्वतःला आवरण्याच्या नादात तिला जास्त कापलं.

ते चावायचे थांबले. "तुमची एंट्री प्रायोगिकमध्ये होती ना?"

"मलाही तसंच वाटत होतं."

"शेवटच्या दिवशी कुणीतरी बदलली असणार. सकाळच्या गडबडीत आम्ही तपासलं नाही, चूक आमची." त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, मी हे आता लिहून घेतलं तर बिअर बाद होईल. तुमच्या ब्रुअरीच्या नावाला बट्टा लागेल. नाही लिहिलं तर ती फक्त हरली. सत्तावीसला तशीही बाहेरच आहे. तिसरं मेडल तीसला गेलंय."

"पण माझे गुण चुकलेत."

"मग किती हवे होते?"

मी तोंड उघडलं आणि मला आकडा सापडेना.

"तिघांनी मिळून ठरवलंय," ते म्हणाले. "हरली. राहू द्या. जा, दोन घास खाऊन घ्या. काळ्या बिअर उघडायच्यात."

संध्याकाळी निकाल लागला. अश्विन मला नाशिक रोडला घरी सोडायला निघाला आणि द्वारका चौकाच्या अलीकडे आम्ही अडकलो. पुढे एसटी, बाजूला टेम्पो, कुणीच हलत नव्हतं. तो स्टिअरिंगवर बोटं आपटत होता.

"नऊच होत्या ताई. नऊ! प्रायोगिकमध्ये त्रेसष्ट आल्या होत्या. संयोजकांच्या माणसाला फोन करून विचारलं मी. त्रेसष्टात तीन मेडलं, आणि इकडे नवात तीन. म्हटलं, गहू तर आहेच आपल्यात. शेवटच्या दिवशी बदलून टाकली. तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं."

"अश्विन."

"तुमच्यासाठीच केलं हो. बाबांचं तोंड बंद करायचं होतं एकदाचं." त्याने डॅशबोर्डवरचे गुणपत्रिकांचे कागद माझ्या मांडीवर टाकले. "वाचा ना. दोघं किती छान बोललेत. आणि तो तिसरा! त्याने वाट लावली सगळी. कोण खडूस बसला होता देव जाणे."

"अक्षर बघ," मी म्हणाले.

त्याने बघितलं. लॅबच्या फळ्यावर तो ते अक्षर रोज बघतो. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. एसटी दोन हात पुढे गेली होती आणि अश्विनने गाडी हलवली नव्हती.

"तुम्ही काळ्या बिअरला होतात ना?"

"सकाळी बदलावं लागलं."

"आणि ओळखली नाहीत?"

"ओळखली."

"मग वर ओढायची ना, ताई! निदान खाली तरी ओढायची नाही!"

"ती गव्हाची नव्हती."

"नव्हती कशी? निम्मा गहू आहे! पोती मी स्वतः उतरवलीत!"

"गहू असला म्हणजे तो वर्ग होत नाही. मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही करू दिलं असतं?"

नसतंच करू दिलं. मी कागद घडी करून ठेवले. मग म्हणाले, "मी जरा जास्तच कापलेत पण. तिथे कळलं नाही."

"किती जास्त?"

"माहीत नाही."

त्याने पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

बिटको चौकात त्याने गाडी माझ्या घराकडे वळवली. माझ्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून म्हणाला, "मी बाबांना शब्द दिलाय ताई. आता कुठल्या तोंडाने जाऊ? आपल्याच माणसाने पाडली म्हणून सांगू?"

"काही सांगू नकोस. सोमवारी मी टाकी रिकामी करते."

"मंगळू करेल."

"मीच करते."

रविवारी सकाळी आई विहारातून वंदना करून आली. पंचशीलातलं पाचवं शील ती रोज म्हणते, नशा आणणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचं, आणि मी काय करते ते तिला माहीत आहे. शेजारच्या लंकाबाईंना तिने मी औषधाच्या कंपनीत आहे असं सांगितलंय. आम्ही त्यावर कधी बोलत नाही.

"लागला का निकाल?" तिने पांढऱ्या साडीची घडी करता करता विचारलं.

"नाही आला नंबर."

"मग आता ते बंद?"

"ते एक बंद. बाकीचं चालू."

तिच्या चेहऱ्यावर आधी बरं वाटल्याचं दिसलं आणि मग माझ्याकडे बघून ते गेलं. "चहा टाकू?" ती म्हणाली.

सोमवारी मी लवकर पोचले. मंगळूने नळी जोडून ठेवली होती आणि तो बाजूला उभा होता. आधी मी तळाचं थोडं यीस्ट काढून दोन काचेच्या नळ्यांत भरलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. तिथे ते मरत नाही, वाढतही नाही. अधूनमधून नव्या नळीत घालावं लागतं, एवढंच.

मग एक ग्लास भरून घेतला. साधा ग्लास, नंबर नसलेला. खिडकीपाशी गेले. हात ठेवून वास कोंडला, सोडला, घोट घेतला. मनातल्या मनात प्रायोगिक वर्गाचं वर्णन समोर ठेवलं आणि गुण देऊ लागले. वासाला दहा दिले. मग वाटलं, हे मला वाईट वाटतंय म्हणून दिलेत. आठ केले. मग वाटलं, हे शनिवारच्यासारखं स्वतःला आवरणं झालं. नऊ देणं म्हणजे नुसतं मध्ये बसणं. पुन्हा वास घेतला. हळदीचं पान होतं, लवंग होती, बाकी मला काहीच कळत नव्हतं. ती कुणाची आहे हे माहीत नसताना तिला चाखायची संधी या जगात बाकी सगळ्यांना होती, आणि कर्नलांनी ती घेतली होती.

"बाई, सोडायचं का?" मंगळूने विचारलं.

"थांब," मी म्हणाले. उरलेला ग्लास मी उभ्यानेच प्यायले. घाईने नाही.

मग व्हॉल्व्ह माझ्याच हाताने उघडला. मोरीत फेस चढत गेला आणि सगळ्या खोलीत हळदीच्या पानाचा वास भरला. मंगळूने पंखा लावला. दुपारी लागर भरायची होती, त्याआधी टाकी कॉस्टिक सोड्याने धुऊन वास पूर्ण घालवायला हवा होता. मी हातमोजे चढवले.